‘बरं हाय’ लिहिलेली वही

मित्रांनो, नाक जवळ आणा, भिऊ नका. दवाखान्यातल्या कार्बोलिकचा वास येतो ना? तो माझाच. मी रोग्यांची हकीकत लिहायची एक जुनी वही आहे. बेळगावच्या खडे बाजारातल्या एका बाइंडरनं खळ लावून माझी पाठ बांधली, वर लाल कापड चिकटवलं, आणि अनगोळच्या चिंतामणी डॉक्टरांनी मला विकत घेतलं. साल एकोणीसशे एकोणीस. तेव्हा मी काय तोऱ्यात होते म्हणून सांगू! रोग्यानं तोंड उघडलं की माझ्या पानावर शाई उमटायची. माझ्यात लिहिलं तेच खरं, असं मला वाटायचं. मोठी शहाणीच होते मी!

त्याच वर्षी खाकी कोट घालून भरमू आला. नंदगडजवळच्या खेड्यातला हा शेतकरी मेसोपोटेमियाच्या लढाईवर गेला होता. तिथं उजव्या मांडीतून गोळी आरपार गेली. जखम भरली आणि सरकारनं त्याला जखमी शिपायाचं पेन्शन दिलं. पण दर वर्षी बेळगावच्या कॅम्पात लष्करी डॉक्टरांनी तपासल्यावरच ते पुढे चालू राहायचं. म्हणून चिंतामणी डॉक्टरांनी त्याला दर महिन्याला पाय दाखवायला सांगितलं होतं, आणि बिचारा न चुकता यायचाही.

"काय भरमू, पाय कसा आहे?"

"बरं हाय जी!"

आणि डॉक्टर लिहायचे, ‘बरे आहे म्हणतो.’ नऊ महिने, नऊ वेळा. मी ते निमूटपणे पोटात घेतलं. आमच्या मुलखात कुणालाही विचारा, अंगात ताप फणफणत असला तरी तो बरं हायच म्हणणार. मोठ्या माणसापुढं रडगाणं कसं गायचं? त्यातून भरमू पडला शिपाई! कॅम्पातल्या तपासणीतही त्यानं टाचा जुळवल्या आणि खणखणीत आवाजात तेच सांगितलं. लष्करी डॉक्टरांनी लिहून टाकलं, माणूस बरा आहे. पेन्शन बंद झालं.

दोन महिन्यांनी भरमूची बायको राजाबाई दवाखान्यात आली. रागानं चांगलीच तापलेली होती.

"डाक्टर, ह्यास्नी बरं हाय म्हणून कुणी लिवलं?"

डॉक्टरांनी मला उघडलं आणि कपाळावर हात मारला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जरा येळ हुबं ऱ्हायलं की पायातला जीवच जातोय बघा," ती म्हणाली. "पेन्शन हुतं तवर भाताचं रोप लावाय गडी लावायचो. औंदा ह्येच उतरलं चिखलात. तोंडघशी पडलं. मी पळत जाऊन त्वांड वर काढलं म्हणून..." बाहेर बाकावर भरमू मान खाली घालून कोटाचं बटण चाळवत बसला होता.

"पुन्हा तपासा म्हणून अर्ज करू," डॉक्टर म्हणाले. "पण कधी कधी पडला, त्या तारखा हव्यात."

"तारखा कुठल्या ठावं आमास्नी? शिमग्याला होळीम्होरं पडलं. बेंदराच्या दुसऱ्या दिशी चिखलात. नागपंचमीच्या आदल्या दिशी आडाजवळ."

डॉक्टरांनी कोनाड्यातलं पंचांग काढलं. राजाबाईनं सण सांगायचा, डॉक्टरांनी तारीख शोधायची आणि माझ्यात लिहायची. मग भरमूला आत बोलावून त्यांनी गुडघ्याखाली टाचणी टोचली. त्याला कळलीसुद्धा नाही! तेही लिहिलं. त्या दिवसापासून त्यांनी ‘कसा आहे’ हे विचारणंच सोडलं. आज कुठवर चाललास? कुठं बसावं लागलं? जेवताना मांडी घालता येते का? आता भरमूला खरं सांगावंच लागे. माझी पानं भरू लागली, आणि ह्या खेपेला मला खरोखरच अभिमान वाटला.

चार महिन्यांनी फेरतपासणी झाली. डॉक्टर स्वतः मला काखोटीला मारून कॅम्पात आले. तपासणाऱ्या गोऱ्या साहेबानं विचारलं, "कैसा है?"

"बरं हाय, सायेब!"

अरे देवा! मला पाय असते तर मी टेबलावरून उडीच मारली असती. साहेबानं लेखणी उचलली. तेवढ्यात डॉक्टरांनी मला त्याच्यापुढे सरकवलं आणि खूण केलेलं पान उघडलं. तिथं इंग्रजीत लिहिलं होतं, ‘ह्या माणसाला विचारू नये. तो बरं आहे असंच सांगेल. त्याला अर्धा तास उभं करावं.’

साहेबानं ते दोनदा वाचलं, खिशातलं घड्याळ काढून माझ्या शेजारी ठेवलं आणि भरमूला उभं केलं.

पंधरा मिनिटं झाली तरी भरमू ताठ. घामानं कोट भिजला होता. तो न पडण्यासाठी जिवाचं रान करत होता, आणि मी, त्याच्या भल्यासाठी लिहिलेली वही, मनात म्हणत होते, पड रे बाबा, एकदाचा पड! मित्रांनो, त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

विसाव्या मिनिटाला उजवा गुडघा दुमडला आणि भरमू कोसळला. साहेब खुर्चीतून उठून जवळ गेला. "लगा क्या?"

भरमूचे डोळे भरून आले होते. जमिनीवरूनच तो म्हणाला, "व्हय सायेब. बरं न्हाय. लई दिस झालं, बरं न्हाय मला."

डॉक्टरांनी तिथंच टाक मागून घेतला आणि ते शब्द जसेच्या तसे माझ्यात लिहिले. पेन्शन पुन्हा सुरू झालं. पुढच्या रोपणीला राजाबाईनं गडी लावला आणि भरमू बांधावर बसून राहिला.

आता माझी पानं पिवळी पडली आहेत, एक कोपरा वाळवीनं खाल्ला आहे. डॉक्टर थकले, दवाखाना मिटला. माळ्यावर पडल्या पडल्या मला भरमूचं ते शेवटचं वाक्य कमी आठवतं. पहिली नऊ पानंच जास्त आठवतात. म्हणून एवढंच मागणं आहे. घरात कुणी ‘बरं आहे’ म्हणालं, तर तेवढ्यावर उठून जाऊ नका. जवळ बसा, आज कुठवर चाललात ते विचारा, आणि काय सांगतील ते तारखेसकट लिहून ठेवा.