मधाच्या बाटलीतली वाइन

मी द्राक्षांची गोड वाइन बोलतेय. बोलतेय कसली, थरथरतेय! आज सकाळी जे घडलं, त्यातून मी अजून सावरलेली नाही.

माझा जन्मच मुळी धक्क्यानं झाला. सिंगापूरच्या उकाड्यात चार किलो द्राक्षं तोआ पायोहच्या एका फ्लॅटमध्ये आली आणि ओजसनं ती थेट फ्रीझरमध्ये कोंबली. हा वन-नॉर्थ भागातल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करतो. घरी आला तरी प्रयोग काही सुटत नाहीत. द्राक्षं गोट्यांसारखी कडक झाली आणि वितळू न देता त्यानं ती तशीच दाबली! पाणी बर्फ होऊन मागे राहिलं. थेंब थेंब निथळला तो फक्त दाट, गोड रस. तो बर्फ त्यानं खुशाल सिंकमध्ये टाकला. मी बघतच राहिले.

मग यीस्ट घातलं. साखर खाऊन खाऊन यीस्टनं हात टेकले, तरी गोडवा उरलाच. चार महिन्यांनी मी नितळ, सोनेरी झाले आणि भरली गेले कशात, तर मधाच्या रिकाम्या बाटलीत. लेबल काढायचा आळस!

"रविवारी पूजा झाली की संध्याकाळी उघडू," तो बायकोला, निहारिकाला म्हणाला. तोवर थेंबही चाखायचा नाही, असं दोघांचं ठरलं. मला तरी दुसरं काय हवं होतं? कुणीतरी घोट घ्यावा आणि 'वा!' म्हणावं, एवढंच.

पूजा नव्या फ्लॅटची, सत्यनारायणाची. त्यासाठी ओजसची आई, दमयंतीबाई, पुण्याहून आलेल्या. सकाळी त्यांनी फ्रिज उघडला.

"मध फ्रिजमध्ये ठेवतात का कुणी?" असं पुटपुटत त्यांनी मला अख्खीच्या अख्खी पंचामृतात ओतलं! चव बघितली नाही, वाससुद्धा घेतला नाही. देवाला दाखवायच्या आधी हुंगायचंही नाही, ही त्यांची शिस्त.

ओजस पळीनं अभिषेक करत होता. मध्येच त्याला माझा वास आला आणि त्याचा हात थांबला.

"यजमान, थांबू नका," गुरुजी म्हणाले.

आरती संपताच तो स्वयंपाकघरात धावला. बाहेर तीस माणसं तीर्थाची वाट बघत होती.

"आई, फ्रिजमधली मधाची बाटली?"

"संपवली की. का रे?"

"आई, ती वाइन होती."

"अरे देवा! देवाला दारू पाजली मी?"

लोकांना द्यावं तर पाप, आणि देवाला वाहिलेलं सिंकमध्ये ओतावं तर तेही पाप. निहारिकानं घाईघाईनं दुसरं पंचामृत कालवलं, मधाशिवाय. दमयंतीबाई मात्र माझं भांडं घेऊन बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्या, कढीपत्त्याच्या कुंडीपाशी. डोळे पुसले आणि मागे उभ्या लेकाला विचारलं,

"चांगली झाली होती का रे?"

"आम्ही अजून चाखलीच नव्हती गं."

त्यांनी भांडं कलतं केलं.

आता मी या मातीत मुरतेय. घरी वाइन करणाऱ्या हौशी मंडळींनो, हात जोडते, निदान एक घोट तरी वेळेवर घेत जा. मी गारठले, चेपली गेले, आंबले, आणि माझी चव कळली ती एकट्या देवाला. आणि तो काही बोलत नाही.