सालींखालची डबी

ती डबी शिकारीच्या झोपडीत होती, चुलीशेजारच्या लाकडाच्या पेटीत, भूर्जाच्या सालींच्या अगदी तळाशी. न फोडलेली. एवर्टनं ती वसंतात तिथं ठेवली तेव्हा स्वतःला बजावलं होतं की ही वापरायची नाही, नुसती असू द्यायची. घरात आग विझवायचं नळकांडं असतं, तशी. आग लागावी म्हणून काही कोणी ते आणत नाही.

पण आज पहाटे उठल्यापासून आग लागलेलीच होती.

मचाणावर बसून त्याचा गुडघा हलत होता. मूसच्या शिकारीत माणसानं दगड होऊन बसायचं असतं. घोड्याहून उंच ते हरीण बुटाची करकरसुद्धा ऐकतं. एवर्टनं गुडघ्यावर हात दाबून धरला, तर बोटं ताल धरायला लागली. बोटं आवळली, तर जीभ वरच्या ओठाखाली जाऊन ती रिकामी जागा चाचपायला लागली. आयुष्यभर त्या जागी स्नूस होती. ओली तंबाखू, चिमटीत वळून ओठाखाली दाबलेली, सकाळच्या कॉफीपासून रात्रीच्या बातम्यांपर्यंत. बायको गेली तेव्हाही होती. त्यानं पहिला बार भरला तेव्हा तो होता तेरा वर्षांचा, आणि शेजारी बसलेली त्याची नात सिग्ने आता तेरा वर्षांचीच होती.

सगळं तिनंच सुरू केलं होतं. शाळेत टूम निघाली की प्रत्येक मुलानं एक मोठं माणूस निवडायचं आणि दोघांनी मिळून शब्द द्यायचा: तंबाखू नाही, सिगारेट नाही, तसलं काहीच नाही. एकानं मोडलं की दुसरा मोकळा. बाकीच्या पोरांनी आया निवडल्या, मावश्या निवडल्या. सिग्नेनं सगळ्या जिल्ह्यात ज्याच्या ओठाखालचा फुगवटा प्रसिद्ध, त्या आजोबाला निवडलं. तिची आई हसून हसून टेबलावर पडली. "बाबा? अगं, ते जेवणापर्यंत तरी टिकतील का?"

"तू शब्द पाळशीलच," सिग्ने आईला म्हणाली. "त्यात काय मजा?"

लेकीचं ते हसणं एवर्टला झोंबलं. त्यानं शाळेतल्या बाईंसमोर नातीचा हात हातात घेतला आणि उरलेला डबा त्याच दिवशी नदीत उपडा केला. त्याच आठवड्यात दुकानातून नवी डबी आणून झोपडीत लपवली, ही गोष्ट वेगळी. सिग्ने अधूनमधून विचारायची, "आजोबा, जड जातंय का रे?" आणि एवर्ट खांदे उडवून म्हणायचा, "छे! आठवणसुद्धा येत नाही. सोडायची म्हटलं, सोडली." हे सांगताना त्याला फार बरं वाटायचं. घरी आल्यावर मात्र तो चमचे पुसत बसायचा, पुसून झालेलेच.

दूरवर शिकारटोळीतल्या गुनवोरचा कुत्रा भुंकायला लागला. भुंकणं एकाच जागेवरून येऊ लागलं, म्हणजे कुत्र्यानं मूस अडवून धरला होता. एवर्टनं बंदूक उचलली. सिग्नेकडे पाहिलं. ती मफलर नाकापर्यंत ओढून गप्प बसली होती. एरवी ही पोर मचाणावर चढली की कुजबुजत का होईना, तोंडाचा पट्टा चालूच. आज मात्र सकाळपासून एक शब्द नाही. शिकली एकदाची, असं त्याला वाटलं, आणि तो पुन्हा आपल्या ओठाकडे वळला. दुपारी सगळे झोपडीपाशी कॉफीला जमतील. कोणाच्या लक्षात न येता आत जायचं. एक चिमूट. फक्त हात थांबण्यापुरती. शिकार झाली की पुन्हा बंद, आणि सिग्नेला कळायचं कारणच नाही.

भुंकणं सरकलं. दलदलीच्या कडेच्या झुडपांतून एक मादी बाहेर आली, मागून तिचं पिल्लू. नियम सगळ्यांना पाठ होता: आधी पिल्लू, नाहीतर ते आईवाचून उरतं. ते आडवं उभं राहिलं, गोळीसाठी मुद्दाम उभं केल्यासारखं. एवर्टनं नेम धरला आणि नळीचं टोक थरथरायला लागलं. त्यानं श्वास रोखला. टोक थरथरतच राहिलं.

"हिक्!"

मादीची मान वळली. पुढच्या क्षणी झुडपं नुसती हलत होती.

"एवढा वेळ गप्प बसवत नाही तुला?" एवर्ट फिस्कारला. आपल्याच हातांचा राग त्यानं पोरीवर काढला, हे त्याला बोलता बोलताच कळलं, पण तोंड थांबलं नाही. "उचकी काढायला हीच वेळ सापडली?"

सिग्नेनं मफलर खाली ओढला. तिचं कपाळ ओलं होतं, गाल साबणासारखे पांढरे. ती घाईनं शिडी उतरली आणि एका झाडामागे जाऊन ओकली.

"सकाळी सॉसेज कच्चं खाल्लंस," एवर्ट वरून म्हणाला.

वॉकीटॉकीवर शिकारप्रमुख हिल्डिंगचा आवाज खरखरला. "एवर्ट, झोपलास का मेल्या? दोन जनावरं तुझ्या नाकाखालून गेली!"

दुपारी झोपडीसमोर शेकोटी पेटली. काळी किटली उकळत होती, हिल्डिंग कॉफीत चीजचे तुकडे बुडवून चमच्यानं खात होता. सिग्ने शेकोटीपासून लांब, ओंडक्यावर बसली होती. हिल्डिंगनं खिशातून डबी काढली, चिमूट वळली आणि ती एवर्टच्या नाकासमोरून अगदी सावकाश ओठापर्यंत नेली. दर दुपारचा त्याचा हा खेळ.

"वास तरी घे, आजोबा. वासाला शाळा काही म्हणत नसेल."

"मला काही फरक पडत नाही," एवर्ट म्हणाला आणि उठला. "साली आणतो. विझत आलीय."

शेकोटी चांगली फडफडत होती.

आत येऊन त्यानं दार लोटलं. पेटीपुढे गुडघ्यांवर बसला आणि साली दोन्ही हातांनी उपसायला लागला. आपला श्वास आपल्यालाच ऐकू येतोय याची त्याला लाज वाटली, पण हात थांबेनात. बोटांना डबी लागली. त्यानं ती वर काढली.

कडेचा कागद कापलेला होता. झाकण उघडलं तर एका बाजूनं थोडी तंबाखू खरवडून घेतलेली, वाकडीतिकडी. वळायची सवय नसलेल्या बोटांनी.

एवर्ट तसाच बसून राहिला. सकाळी चूल कोणी पेटवली? सिग्नेनं. तिला काय सांगितलं होतं? "वरच्या साली दमट असतात, तळाच्या घे." हे त्यानंच सांगितलं होतं, हिल्डिंगच्या डबीकडे बघत, मन दुसरीकडे असताना. ती शांतता, तो मफलर, उचकी, घाम. पहिल्या बारानं तोही असाच कोंबड्यांच्या खुराड्यामागे ओकला होता. आणि ही पोर हातभर अंतरावर बसून त्यातनं जात असताना तो आपल्याच ओठाखाली चाचपत होता.

दार करकरलं. सिग्ने आत आली. तिनं डबी पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं.

"तुझीच आहे ना?"

"हो."

"मी घेतली. सकाळी."

"का गं?" त्याचा आवाज चिडका निघायला हवा होता, तो निघाला नाही.

सिग्नेनं बुटाच्या टोकानं एक साल ढकलली. "फुटबॉलच्या मोठ्या मुली मागे लागल्यात. सगळ्यांकडे त्या पुदिन्याच्या चवीच्या स्नूसच्या पुड्या असतात. मी नाही म्हणते, मग त्या म्हणतात, घाबरट. मला वाटलं, एकदा बघावं. आजोबानं जन्मभर घेतली आणि एका दिवसात सोडली, त्याला काही वाटलंसुद्धा नाही. मग मीही घेईन आणि सोडेन. त्यात काय एवढं?"

आपलेच शब्द एवर्टला तिच्या तोंडून ऐकू आले.

"आता मी मोडलंय," ती म्हणाली. डोळे भरले होते, पण आवाज तिनं सरळ ठेवला. "म्हणजे तू मोकळा. घे तू."

आणि त्याला आनंद झाला. हेच सगळ्यात वाईट होतं. नातीचे डोळे भरलेले, आणि त्याच्या आत काहीतरी उडी मारून म्हणालं, मोकळा! बोटं झाकणावर गेलीसुद्धा. त्या क्षणाला तो स्वतःला इतका नावडला की त्यानं झाकण दाबून बंद केलं आणि तिच्या दंडाला धरलं.

"चल बाहेर."

"ओरडू नकोस ना सगळ्यांसमोर."

"तुझ्यावर नाही."

शेकोटीपाशी येऊन तो उभा राहिला. हिल्डिंग आणि गुनवोर वर बघायला लागले.

"ही माझी डबी," एवर्ट म्हणाला. "वसंतापासून आत लपवलेली. मी सांगत आलो, आठवणसुद्धा येत नाही. खोटं सांगत आलो. मला जेवताना हवी असते, जेवल्यावर हवी असते, स्वप्नात हवी असते. चर्चमध्ये पाद्री बोलतो आणि मी त्याच्या ओठाकडे बघत असतो. सकाळी पिल्लू सुटलं ते उचकीनं नाही. माझे हात थांबत नव्हते. हे बघा." त्यानं हात पुढे केला. हात थरथरत होता. "आत्ताही हवीय. आत्ता, बोलताना."

हिल्डिंग हसायच्या बेतात होता. त्यानं त्या हाताकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"एवढे महिने मग शूरपणाचा आव कशाला आणलास, मूर्खा?" गुनवोर म्हणाली. "आणि तू रे, हिल्डिंग, रोज त्याच्या नाकासमोर नाचवत होतास ती."

"मला काय माहीत! म्हणाला, फरक पडत नाही."

"पडतो," एवर्ट म्हणाला आणि डबी त्याच्या मांडीवर टाकली. "घे. आणि आज मी बंदूक चालवणार नाही. नुसता बसेन, काही दिसलं तर सांगेन."

हिल्डिंगनं डबी खिशात घातली. फुकटची तंबाखू त्यानं आजवर सोडली नव्हती. पण ओठाखालची चिमूट त्यानं बोटानं काढून शेकोटीत टाकली आणि तिथून उठेपर्यंत दुसरी भरली नाही.

दुपारनंतर दोघं पुन्हा मचाणावर चढली. बंदुकीतल्या गोळ्या एवर्टनं खिशात घातल्या. दलदलीवर वारा होता. त्याचा गुडघा हलायला लागला, त्यानं तो हलू दिला.

"पुन्हा हात मिळवायचा?" सिग्नेनं विचारलं.

त्यानं हातमोजा काढला. तिनंही काढला. तिचा हात गार होता आणि अजून ओलसर.

"आजोबा, आत्ता हवीय?"

"हो."

तिनं हातमोजा परत चढवला. "मला अजून मळमळतंय."

"छान."

तिला हसू आलं. जरा वेळानं तिनं पुन्हा विचारलं, "आत्ता?"

"आत्ता पण."

"त्या मुलींना मी काय सांगू?"

"सांग की आमच्या घरात एक म्हातारा आहे. या, त्याचे हात बघा."

दूर कुत्रा भुंकला आणि थांबला. तिनं डोकं त्याच्या दंडाला टेकवलं.

"आत्ता?"

"आत्ता जरा कमी," एवर्ट म्हणाला.

सिग्नेनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, नुसतं पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "खोटं बोललो. आत्ता पण."