सोबतीचा घास

जिजाबाईंनी पळीतलं थोडं पिठलं मुलाच्या, हर्षलच्या तळहातावर टाकलं आणि मीठ बरोबर पडलं का ते पाहायला सांगितलं. त्याने ते चाटलं, मान हलवली आणि हात पुन्हा मांडीवर ठेवला. चव त्याला कळली असेल असं त्यांना वाटलं नाही. त्याचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत खरचटलेला होता. दाराशी काढलेल्या बुटांतून समुद्राची बारीक वाळू ओसरीवर सांडली होती. ती अजून कोणी झाडली नव्हती.

त्यांना स्वतःला चव पाहता येत नव्हती. अकरा दिवसांपासून त्यांनी मीठ सोडलं होतं.

हर्षल, पवन आणि मोहनसिंग हे किन्हीराजा गावचे तिघं मित्र. पहिलीपासून एका बाकावर बसलेले. सोयाबीन निघालं की मोटरसायकली घेऊन कच्छला जायचं, आधी वाळवंट आणि मग समुद्राचा किनारा, असं त्यांचं दोन वर्षांपासून घाटत होतं. पक्क्या सडकेवरून कोणीही जातं, आपण वाट नसलेल्या जागेवरून जाऊ, असं मोहनसिंग म्हणायचा. त्यासाठी तिघांनी पावसाळा सरल्यावर नाल्याच्या रेतीत आणि बरड माळावर गाड्या चालवून गुडघे फोडून घेतले होते. शेवटी गाड्या रेल्वेत टाकून ते निघाले.

निघाले त्या दिवशी पहाटे जिजाबाई देवासमोर बसल्या. उपासतापास त्यांना नवे नव्हते, पण हा संकल्प मोठा होता. उजव्या तळहातावर पाणी आणि अक्षता घेऊन, हर्षल शालिग्राम सुखरूप घरी येईपर्यंत मीठ वर्ज्य, असं म्हणून त्यांनी ते पाणी ताम्हनात सोडलं.

पोरांचा रोज संध्याकाळी फोन यायचा. तिसऱ्या दिवशी ते कच्छच्या रणात होते. जमीन पांढरीशुभ्र, झाड नाही, पाखरू नाही, आभाळ कुठं टेकतं तेही समजत नाही, असं हर्षल सांगत होता. मिठाचा पापुद्रा फुटून पवनची गाडी खालच्या काळ्या चिखलात रुतली होती आणि ती ओढून काढता काढता तिघंही मिठानं माखले होते. आईनं मीठ सोडल्याचं त्याच्या तोंडून तिथंच निघून गेलं असावं, कारण मोहनसिंगनं फोन ओढून घेतला.

"काकू, इथं मीठच मीठ हाय आन् तुमी तिथं अळणी खाऊन राह्यल्या. पोतंभर आनू काय?"

जिजाबाई हसल्या. मागून पवन काहीतरी ओरडला, वारा घोंघावला. मग मोहनसिंग जरा खालच्या आवाजात बोलला.

"हर्षलसाठीच सोडलं, का आमच्यासाठी बी?"

"तुमा तिघाइसाठी रे बाप्पा. तुमी येगळे हाय काय मले?"

 थोडं थांबून त्यानं फोन हर्षलकडे दिला.

मोहनसिंगची आई रंगूबाई तो सहा वर्षांचा असताना गेली. तेव्हापासून तो किती वेळा या चुलीशी जेवला, याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता. फोन ठेवल्यावर जिजाबाईंनी देवापाशी दिवा लावला. पुन्हा पाणी घेऊन उरलेली दोन नावं घ्यावीत, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी पळीला हातही लावला. पण सोडलेला संकल्प मध्येच बदलू नये, असं त्यांची आई सांगत असे. नावं वाढवली तर हर्षलच्या वाट्याचं कमी होईल, असंही मनाच्या तळाशी कुठंतरी असावं. ते त्यांनी तेव्हा नीट पाहिलं नाही. पळी जागेवर ठेवून त्या उठल्या.

पुढचे चार दिवस चांगले गेले. मग समुद्र आला. ओहोटीला पाणी मागं सरकलं की ओली वाळू सडकेसारखी घट्ट होते, आणि तिच्यावरून तिघांनी एका ओळीत गाड्या सोडल्या. वाळूत एक खडक होता. वरून तो ओल्या वाळूसारखाच दिसत होता. मोहनसिंगची गाडी त्यावर आदळली. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं, डोक्याला काही झालं नाही. मार छातीला बसला. दवाखान्यापर्यंत तो पोचला नाही.

हर्षल आणि पवन त्याला घेऊन दीड दिवसाचा प्रवास करून काल दुपारी गावात आले. संध्याकाळी सगळं आटोपलं.

आज दुपार झाली तरी उदयसिंगांनी, मोहनसिंगच्या वडिलांनी, पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. ज्या घरी मयत झाली त्या घरात चूल पेटवत नाहीत. पहिला घास बाहेरचं माणूस आणतं, देतं, आणि एकाच ताटात सोबत बसून स्वतःही खातं. दुःखातलं माणूस एकटं जेवत नाही, म्हणून ही रीत. सकाळी त्यांच्या मेहुण्यानं भाकर आणली होती. ती तशीच परत गेली. त्यानंतर चार माणसं जिजाबाईंच्या नवऱ्याकडे, शालिग्रामकडे आली. वहिनीले पाठवा, म्हणाले, त्यांच्या हातचं खाईन तो. जिजाबाईंनी मोहनसाठी मीठ सोडल्याचं गावात सगळ्यांना माहीत झालं होतं. मोहनसिंगनंच बापाला फोनवर सांगितलं होतं, आणि बापानं पारावर.

माणसं गेल्यावर जिजाबाई नवऱ्याला म्हणाल्या, दुसऱ्या कोणाला पाठवा. शालिग्रामला ते समजेना.

"पोरगं घरी आलं. तुहा नेम पुरा झाला. उदयसिंगच्या घरी दोन घास खाल्ल्यानं काय होते?"

 नेम पुरा झाला हे खरंच होतं. पोरगा परत आला की मीठ घातलेलं जेवायचं आणि व्रत सोडायचं, एवढंच राहिलं होतं. आणि ते आता त्या घरात, त्या ताटात व्हायचं होतं. त्यांनी भाकरी फडक्यात बांधल्या, पिठल्यावर झाकण ठेवलं आणि पदर सारखा करून निघाल्या.

उदयसिंगांच्या अंगणात दहा-बारा माणसं बसली होती. जिजाबाईंना पाहून सगळे सरकले, एकानं दार लोटून धरलं. आत उदयसिंग पोत्यावर भिंतीला टेकून बसले होते. काल मुंडण केलेल्या डोक्यावर आज उपरणंही नव्हतं. त्यांनी पाय आवरून जागा केली.

जिजाबाईंनी ताट मध्ये ठेवलं, भाकर वाढली, पिठलं वाढलं. उदयसिंग त्यांच्या हाताकडे पाहत होते.

"वैनी, मोहननं सांगतलं होतं मले. बापू, काकूनं माह्यासाठी मीठ सोडलं म्हने. दोन खेपा सांगतलं." ते थांबले. "रंगू गेल्यावर त्याच्यासाठी कोनी कोनता नेम धरला नाही. मले तं जमतच नाही ते. तुमच्याकडून कमी नाही पडलं. त्याचं आयुष्यच तेवढं होतं."

 ताट सरकल्याचा आवाज कधी येतो याकडे बाहेरच्यांचे कान असावेत. काही न बोलता घास पुढं केला असता तर उदयसिंगांनी तो घेतला असता. एवढ्यासाठीच तर त्यांना पाठवलं होतं. जिजाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. हात उचलवेना.

"भाऊ, मी एकाचंच नाव घेतलं होतं."

उदयसिंगांनी वर पाहिलं.

"पानी सोडताना. हर्षलचंच घेतलं. मोहनले फोनवर खोटं सांगतलं मी."

बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, आता हे ताटही सकाळच्यासारखं परत जाईल, आणि गेलं तर ते बरोबरच होईल. उदयसिंग ताटाच्या काठावरून अंगठा फिरवत राहिले. अंगणात कोणी खोकललं. एक बकरी दारात येऊन उभी राहिली, तिला कोणीतरी हाकललं.

"पवनचा फोन आला तवा मी तुरीत होतो," ते म्हणाले. आवाज इतका हळू होता की जिजाबाईंना थोडं पुढं झुकावं लागलं. "रडून राह्यला होता पोट्टा. एक जन पडला म्हने, काही खरं नाही म्हने. नाव सांगाच्या आधीच फोन कटला. मंग लागेचना. अर्धा घंटा नाही लागला."

अंगठा काठावरून फिरतच होता. 

"वावराच्या धुऱ्यावर बसलो आन् हात जोडले. मोहन नको म्हनलं. दुसरा कोनी असन तं असो म्हनलं."

अंगठा काठावर थांबला.

"दुसरे दोनच होते, वैनी."

जिजाबाईंना हर्षल आठवला. भिंतीशी बसलेला, तळहात मांडीवर ठेवलेला. त्या रागावल्या नाहीत. रागवायला जागाच नव्हती.  मग उदयसिंगांनीही भाकरीचा तुकडा मोडला आणि पिठल्यात बुडवला. पहिला घास बाहेरच्यानं द्यायचा असतो, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी तो जिजाबाईंसमोर धरला. जिजाबाईंनी आपल्या हातातला त्यांच्यासमोर धरला. कोणी आधी घ्यायचा हे दोघांनाही ठरवता येईना.

ताट हललेलं बाहेर ऐकू गेलं असावं. "जेवून राह्यले," कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, आणि अंगणातली माणसं एकेक करून उठू लागली.