डावा गुडघा

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी शिकाऊ डॉक्टरांनी माझ्या डाव्या गुडघ्यावर काळ्या शाईने बाण काढला, आणि त्यांची पाठ वळताच मी तो स्पिरिटच्या बोळ्याने घासून काढला. अंगावर डाग घेऊन रुग्ण थिएटरात जात नाही, हा दंडक त्या रुग्णालयात मीच घालून दिला होता. खुणा करण्याची ही नवी पद्धत मी निवृत्त झाल्यानंतरची.

माझ्यानंतर काही वर्षांनी माझी ती थिएटरच्या इनचार्ज सिस्टरची खुर्ची माझ्या सुनेला मिळाली. खुर्ची मिळाली, माणसे मिळाली नाहीत. तिथल्या परिचारिकांमध्ये सर्वांत जुनी जी, तिला सगळे फौजदार म्हणतात. ती माझ्या हाताखाली तयार झालेली. इतर सगळ्या तिच्या तोंडाकडे पाहून हलतात. रोज संध्याकाळी ती मला फोन करी आणि सुनेच्या नव्या नियमांचा पाढा वाचे. तिला सर्वांत जास्त खुपे तो एकच नियम: सुरी लावण्याआधी सगळ्यांनी हातातले काम ठेवायचे आणि रुग्ण कोण, बाजू कोणती, हे मोठ्याने बोलायचे. फौजदार आणि तिचा गोतावळा हात धुता धुता ते पुटपुटून मोकळा होई.

आदल्या संध्याकाळी माझी पिशवी भरताना सून म्हणाली, "आई, उद्या तुमच्या टेबलापाशीसुद्धा त्यांनी माझं ऐकलं नाही, तर मी खुर्ची सोडणार. असल्या टीमच्या हाती माणसं सोपवून मला झोप लागत नाही."

"रडून कोणी इनचार्ज होत नाही," मी म्हणाले. पण त्या रात्री झोप मलाही लागली नाही.

पाठीत सुई दिल्यावर कंबरेखालचे शरीर माझे राहिले नाही. छातीपुढे हिरवा पडदा होता. वरच्या दिव्याच्या चकचकीत कडेत मात्र औषधाने तपकिरी झालेला एक पाय दिसत होता. डावा की उजवा? प्रतिबिंबात बाजू उलटी दिसते, म्हणून मी मनात ती फिरवली. मग कड वाकडी आहे हे ध्यानात आले, म्हणून पुन्हा फिरवली. दर वेळी उत्तर निराळे येई. बाण असता तर शंकाच उरली नसती. रुग्णाने थिएटरात बोलायचे नसते, ही शिस्त आयुष्यभर मीच इतरांना लावत आले होते. माझ्या नाडीचे यंत्र तेवढे भराभर वाजू लागले.

"आजी, घाबरलात का?" भूल देणारे डॉक्टर वाकून म्हणाले.

"इथे मला आजी म्हणू नका," मी म्हणाले. एवढेच बोलता आले.

तेवढ्यात सुनेचा आवाज आला. "थांबूया. हातातलं ठेवा सगळ्यांनी. रुग्ण कोण, बाजू कोणती?"

"रुग्ण कोण?" फौजदार हसली. "अहो सिस्टर, बाईंना ओळखत नाही असं इथे आहे कोण? घरी चहा देतानाही विचारता का, तुम्ही कोण म्हणून?"

कोणीतरी मास्कमध्ये खुदकन हसले.

"सिस्टर, आटपा," मोठे डॉक्टर म्हणाले. "बाहेर पेशंट ताटकळलेत."

"आटपते, सर. बाजू?"

"उजवी," फौजदार ठामपणे म्हणाली. "बाईंनी स्वतः फोनवर सांगितलंय मला."

सांगितले होते, खरेच. माझे दोन्ही गुडघे झिजलेले; आधी उजव्याचेच ठरले होते. नंतर नवे एक्स-रे पाहून मोठ्या डॉक्टरांनी डावा आधी घेतला. ते फौजदारला सांगायचे राहून गेले, कारण आमच्या फोनवर सुनेखेरीज दुसरा विषयच निघत नसे.

"खूण कुठे आहे?" सुनेने विचारले.

"खूण नाही दिसत," हत्यारांच्या ट्रॉलीजवळून हलकेच उत्तर आले.

सून माझ्या उशाशी आली. तिला उत्तर ठाऊक होते; आम्ही एकाच घरात राहतो. पण ते तिने दिले असते तर ती तिची आणि फौजदारची झोंबाझोंबी झाली असती.

"आई, आज कोणता गुडघा? तुम्हीच सांगा."

"डावा," मी म्हणाले. "खूण मी पुसली."

पडद्यापलीकडे चिमटा वाटीत पडल्याचा आवाज झाला. मोठ्या डॉक्टरांनी हातमोजे उतरवले. आता सून हिशेब चुकता करणार, अशी माझी खात्री होती. तिच्या जागी मी असते तर फौजदारला उभ्या उभ्या दाराबाहेर काढले असते.

"सगळं काढा, नव्याने मांडा," सून म्हणाली. "ताई, डावा पाय तुम्ही धुवा."

"मी?" फौजदारचा आवाज पार खाली गेला होता.

"तुमच्याइतका स्वच्छ कोण धुतं इथे? आणि झालं की बाजू तुम्हीच विचारायची, मोठ्याने. उत्तरं आम्ही देऊ."

बराच वेळ नुसते पाण्याचे आणि कापडाचे आवाज येत राहिले. मग फौजदारने घसा खाकरून विचारले, "रुग्ण कोण?" सगळ्यांनी माझे नाव घेतले, मोठ्या डॉक्टरांनीसुद्धा. "बाजू?" "डावी." यंत्र तरीही धावतच होते. 

संध्याकाळी वॉर्डात फोन वाजला.

"बाई, बऱ्या आहात ना? आणि ऐका, तुमची सूनबाई..."

"इनचार्ज म्हण."

"इनचार्जनी उद्यापासून बाजू विचारायचं काम माझ्याच गळ्यात घातलंय."

"तक्रार असेल तर तिच्याकडे जा. माझा गुडघा दुखतोय."

फोन ठेवला, आणि चादर उचलून मी पुन्हा एकदा पाहिले. पट्टी डाव्यालाच होती.

तेवढ्यात सून आली. उद्याच्या ड्यूट्यांचा कागद तिच्या काखेत होता. तिने पट्टी तपासली, उशाची स्पिरिटची बाटली उचलली आणि ॲप्रनच्या खिशात घातली.

"उजव्याचं होईपर्यंत ही माझ्याकडे राहील," ती म्हणाली.

मी मान डोलावली.