नातेवाईक चालणार नाही

मालकांना सगळे मालक म्हणत, कारण फिटनेस स्टुडिओ त्यांचा होता. म्हणजे नाव कंपनीचं, यंत्रं कंपनीची, भिंतींचा नारिंगी रंगसुद्धा कंपनीने ठरवलेला. मालकांचं स्वतःचं म्हणावं असं त्यात एकच होतं, ते म्हणजे टेन्शन. पण उभ्या आयुष्यात त्यांनी मनापासून केलेला उद्योग तोच, आणि त्यावर त्यांचा जीव होता.

कंपनीशी केलेल्या करारात एक अट होती. स्टुडिओत दिवसभर हजर राहणारा मॅनेजर नेमायचा आणि तो मालकाचा नातेवाईक नसावा. रक्ताचा नको, लग्नाचा नको. निघाला तर काढायचा. असं तीनदा झालं की करार रद्द, स्टुडिओला कुलूप.

"नातेवाईक आणि मॅनेजर?" सही करताना मालक हसले होते. "अहो, आमच्या घरात टीव्हीचा रिमोट उचलायलाही दोघं लागतात."

पहिली मॅनेजर नेमली ती धावपटू. आवाज असा खणखणीत, की तिने आत "पाठ सरळ!" म्हटलं आणि समोरच्या रस्त्यावरचा वाकलेला दिव्याचा खांब ताठ झाला. खोटं वाटत असेल त्याने जाऊन बघावं, अजून तसाच उभा आहे. दहाच्या आत डोळे न उघडणारा मालकांचा मुलगा पावणेसहाला बूट घालून दारात हजर राहू लागला. पोरगं सुधारलं, म्हणून मालक खूश. सहा महिन्यांत ती सून होऊन घरात आली.

मुख्य कचेरीतल्या बाईंचा फोन आला. "अभिनंदन. तिला काढा. एक झाला."

दुसरा नेमला तो जाड चष्म्याचा योगशिक्षक. इतका शांत, की तो आला की पंखासुद्धा दबकून फिरे. मालकांनी मुलाखतीतच विचारून घेतलं, "लग्नाबिग्नाचा विचार?"

"या जन्मी नाही," तो म्हणाला. मालकांच्या मुलीने दीड महिन्यात त्याला पुढचा जन्म दाखवला.

"बाबा, आम्ही मुद्दाम नाही हो केलं."

"मुद्दाम केलं असतंत तर अडवता तरी आलं असतं, बाळ."

"दोन," कचेरीतल्या बाई म्हणाल्या. या वेळी अभिनंदनही नाही.

"मी काय म्हणते," बायकोने चिमटा काढला, "मॅनेजरची जाहिरात देताना पत्रिकाही मागवत जा. तेवढाच वेळ वाचेल."

मालकांनी तिसरा शोधला तो तुरुंगातून निवृत्त झालेला. म्हणजे तिथला जमादार. वय एकाहत्तर, जन्माचा सडाफटिंग, कपाळावर आठ्या. त्याने नुसतं बघितलं तरी भिंतीवरचं घड्याळ मागे पडायला घाबरे. घरात लग्नाचं आता कोण उरलं, हे मालकांनी बोटांवर मोजलं. कुणीच नाही. वरच्या खोलीत त्यांची आत्या होती, पण तिला कोण मोजतं? अडुसष्ट वर्षांची. घरातल्या सगळ्यांची आजारपणं काढता काढता तिचं लग्न राहून गेलेलं. गुडघ्यांपायी चार वर्षांत जिना उतरली नव्हती.

सुनेने गुडघ्यांसाठी तिला उचलून स्टुडिओत नेलं. पुढचं सांगायला नकोच.

कळलं त्या दुपारी मालक तरातरा स्टुडिओत गेले. चार खडे शब्द त्यांनी वाटेत घोकून ठेवले होते. आत आत्या चालण्याच्या यंत्राच्या पट्ट्यावर चालत होती. शेजारी जमादार तिची पावलं मोजत उभा. "दोनशे एक... हळू हो, कुठे पळून जायचंय का?" आणि आत्या हसत होती. खडे शब्द मालकांच्या घशातच विरघळले.

"आम्ही थांबतो ना रे," आत्याच म्हणाली. "तुझा करार कधी संपतो?"

"सात वर्षांनी."

"सातच ना?" तिने जमादाराकडे पाहिलं. "थांबू की. घाई कुणाला आहे?"

"हजर आहे," जमादार म्हणाला.

"सात वर्षं कशाला? उद्याच नोटीस देऊ," मालक म्हणाले.

नोटिशीचा महिना संपला त्या सोमवारी विवाह नोंदणी कार्यालयात साक्षीदार म्हणून त्यांच्यापुढे कागद आला. 'वधूशी नाते' असा रकाना होता. जमादार कानाशी वाकला. "साहेब, 'ओळखीचा' लिहा. कोण तपासतंय?"

पेन थांबलं. आत्या चष्मा वर करून त्या रकान्याकडे फक्त बघत होती.

मालकांनी लिहिलं, 'भाचा'. ठळक, वरून दोनदा गिरवून.

कारकुनाने कागद फिरवून पाहिला. "बरं. आणि व्यवसाय?"

मालकांनी पेन पुन्हा हातात घेतलं. मागची माणसं पुढे सरकली, कारकुनाने दोनदा खाकरून पाहिलं, तरी तो रकाना तेवढा कोराच होता.