तुलनेची खोली

२००३ च्या उन्हाळ्यात मोहिनी वाघचौरे संशोधनासाठी सातपूरच्या एका चाळीत येत असे. कारखान्यांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. पत्र्याला वरून चुना फासला आणि आतून बांबूच्या चटयांचं छत दिलं, तर कमी खर्चात घर किती थंड राहतं, हे तिला वास्तुकलेच्या प्रबंधात दाखवायचं होतं. चाळमालक तयार झाला. सगळ्या खोल्यांना चुना आणि चटया लागल्या. टोकाची एकच तशीच ठेवली, तुलनेसाठी.

त्या खोलीत गोरक्ष आणि झुंबरबाई राहायचे, नांदगावकडचे. गोरक्ष एका फोर्जिंगच्या कारखान्यात रात्रपाळीला भट्टीपुढे उभा असायचा आणि दिवसा घरी झोपायचा. झोपायचा कसला, तापल्या पत्र्याखाली नुसता पडून राहायचा. झुंबरबाई दाराला ओलं गोणपाट लावायची. ते बघता बघता वाळून कडक व्हायचं.

"ताई, आमालाबी लावा की चटई," एक दिवस ती म्हणाली. "ह्यांना झोपच नाय. शेजारी कसं गार लागतंय."

मोहिनीने कॉलेजात जाऊन मार्गदर्शक सरांना विचारलं.

"आत्ता लावलीस तर तुलना कशाशी करणार?" सर म्हणाले. "महिन्याभराचा प्रश्न आहे. जूनमध्ये लावून टाक."

तिला ते पटलं. निदान पटल्यासारखं वाटलं. तिने झुंबरबाईला जूनचा शब्द दिला.

मेच्या मध्यावर ती तापमानाची नोंद घ्यायला आली, तेव्हा टोकाच्या खोलीपुढे गर्दी होती. गोरक्ष दुपारी झोपेत बरळायला लागला होता. अंग भाजत होतं, पण घामाचा थेंब नव्हता. शेजारच्या बहिरूने त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. तासाभराने बहिरू एकटाच परत आला.

दहाव्यानंतर मोहिनी भेटायला गेली. झुंबरबाई भिंतीला टेकून बसली होती.

"शेजारी गार हाय, हे तुमाला कवा कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात."

"मग पुढं काय बघत व्हता?"

संबंध उन्हाळ्याची आकडेवारी लागते, परीक्षक विचारतात, हे त्या खोलीत बसून बोलणं शक्य नव्हतं.

त्याच आठवड्यात झुंबरबाईने गावी जायला टेम्पो बोलावला. मोहिनी पिंप उचलायला पुढे झाली.

"हात नका लावू," झुंबरबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. मोहिनी बाजूला उभी राहिली. टेम्पो वळणाआड गेल्यावर चाळीतल्या बायका तिच्याकडे पाठ करून घरात गेल्या.

प्रबंधात मोहिनीने लिहिलं, की तुलनेसाठी ठेवलेल्या खोलीतला रहिवासी उष्णतेने वारला. सरांनी ते वाक्य खोडलं. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याचं कारण आहे, ते म्हणाले, आपण ठरवणारे कोण? तिने ते पुन्हा लिहिलं. मग सरांनी सही केली नाही. प्रबंध अडकला तो अडकलाच.

दिवाळीनंतर ती झुंबरबाईला भेटायला नांदगावला गेली. झुंबरबाई बाजार समितीत कांदे निवडत होती. तिने मोहिनीला ओळखलं, पदर डोक्यावर ओढून घेतला आणि पुन्हा कांद्यांत हात घातला.