बाळासाठी सोडलेला पंप

मी पंप बोलतोय. सायकलचा नव्हे, दम्याचा. रंगाने तपकिरी, मुठीत मावणारा. मला एक निळा भाऊ आहे. दम लागला की सगळे त्यालाच शोधतात, कारण त्याचा गुण लगेच दिसतो. माझं काम रोजचं. मी आहे म्हणून दम लागत नाही, आणि जे होतच नाही त्याचं कौतुक कोण करणार? घरातल्या बायकांना विचारा, त्यांना कळेल.

औषधाच्या दुकानातून मला जिने आणलं ती गाद्यांच्या कारखान्यात खोळी शिवायची. तिथे दिवसभर कापूस उडायचा, नाकात, केसांत, छातीत. सकाळ-संध्याकाळ ती मला हलवायची, ओठांत धरायची आणि खोल आत ओढायची. मग श्वास रोखून डोळे मिटायची. तेवढा वेळ ती माझी असायची. मग खळखळून चूळ भरायची आणि कामाला लागायची.

तिला आस एकच होती, मुलाची. एकदा दिवस गेले होते, पण तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. तेव्हा सासूबाईंची बहीण भेटायला आली आणि म्हणाली की पंपाचं औषध बाळाला बाधलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. डॉक्टर असं काही बोलले नव्हते. पण शब्द रुतला तो रुतलाच.

पुन्हा दिवस राहिले तेव्हा कोणी न सांगता तिनेच मला कपाटात ठेवलं, मागच्या वेळी विणलेल्या टोपड्याशेजारी. "आता तू नको," एवढंच म्हणाली आणि दार लावलं.

अंधारात ते टोपडं डोक्याची वाट बघत होतं आणि मी तिच्या ओठांची. बाहेरून खोकला ऐकू यायचा. आधी जिना चढताना, मग बोलताना, मग हसतानाही. निळ्या भावाला ती दिवसातून किती वेळा हाक मारायची, आणि दर वेळी पोटाची माफी मागायची. नवरा म्हणायचा, डॉक्टरांना विचारू. ती म्हणायची, बाळंतपण होऊ दे. मी इथे भरलेला होतो आणि ती तिथे श्वासाला महाग झाली होती.

एके दुपारी कपाट धाडकन उघडलं. सासूबाई होत्या, मागे तिचा नवरा. कारखान्यात ती खोळींच्या गठ्ठ्यावरच बसली होती, एक वाक्य पुरं करवेना, तशीच दवाखान्यात नेली, हे मला त्यांच्या बोलण्यातून कळलं.

"डॉक्टरीणबाई मलाच बोलल्या," सासूबाई सांगत होत्या. "बाळ काय स्वतःच्या नाकाने श्वास घेतंय? ते आईच्या श्वासावर आहे. आणि पहिलं गेलं ते पंपामुळे नाही, म्हणाल्या. कुठे ठेवलाय मेला?"

मेला म्हणाल्या, पण उचललं अंड्यासारखं जपून.

घरी आल्यावरही तिचा हात माझ्याकडे येईना. "बाळाला काही झालं तर?" तिने विचारलं.

"तू ओढ," सासूबाई म्हणाल्या. "बहिणीकडे मी बघते."

तेव्हापासून घरात नियमच झाला, आधी पंप, मग चहा. कारखान्याच्या मालकाने तिला कापसापासून दूर, पुढच्या दुकानात बसवलं. खोकला हळूहळू उतरला. एका सकाळी मला ओढून तिने श्वास रोखला आणि तिचा हात पोटावर गेला. आतून लाथ आली होती. मी ओठांतच होतो. माझ्या आयुष्यात यापेक्षा मोठं काही झालं नाही.

पण माझं औषध संपायचंच होतं. सातव्या महिन्यात मी रिकामा झालो. दुसरा पंप आला, त्याचंही झाकण तसंच, तिचे ओठही तेच. मला तिने टाकलं नाही, खिडकीत ठेवलं. शेवटचे दोन महिने मी तिला नुसतं बघितलं.

बायांनो, पोटुशी असाल तर कोणाच्या मावशीचं ऐकून रोजचा पंप सोडू नका. शंका आली तर डॉक्टरांना विचारा, शेजारणीला नको.

आज ती घरी आली, बाळाला घेऊन. मला ते दिसलं नाही, दुपट्यात गुंडाळलेलं आतल्या खोलीत गेलं. खिडकी इकडे, खोली तिकडे. रिकाम्या पंपाला आत कोण नेणार? आता ते रडतंय, चांगलं सणसणीत. मी रडणं ऐकत नाही. दोन रडण्यांच्या मध्ये ते जो दम घेतं ना, तेवढ्यासाठी कान लावून बसलोय.